नऊ गोल, चौदा पॉइंट

आजींनी पेन्सिल खाली ठेवली आणि तो पॉइंट लिहिलाच नाही.

मेलबर्नच्या डॉकलँड्स स्टेडियमवर, ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या सामन्यांना, आजींची आणि माझी खुर्ची शेजारी-शेजारी असते. सभासदांच्या जागा ठरलेल्या असतात, त्यामुळे मोसमामागून मोसम तीच माणसं डाव्या-उजव्या हाताला येतात. एकमेकांची नावं कळायच्या आधी गोल झाल्यावर कोण उठून उभं राहतं आणि कोण डोळे मिटून घेतं, हे पाठ होऊन जातं. आजी पंच्याहत्तरी ओलांडलेल्या. गळ्यात लाल-पांढरा-काळा विणलेला मफलर, पायाशी चहाचा थर्मास आणि मांडीवर ‘रेकॉर्ड’. सामन्याच्या दिवशी मिळणारी ही पुस्तिका. तिच्यात दोन्ही संघांतल्या खेळाडूंची नावं असतात आणि गोल मांडायला रिकामे रकाने. मोठ्या पडद्यावर सगळं झळकत असताना ते रकाने पेन्सिलनं भरणारी माणसं आता फार राहिलेली नाहीत. आजी भरतात. त्या संध्याकाळी शेवटच्या क्वार्टरमध्ये आम्ही थोडक्यानं मागे होतो. आमच्या एका तरुण फॉरवर्डनं दोघांच्या डोक्यावरून झेप घेऊन चेंडू पकडला. गोलच्या अगदी समोर, तीस मीटरवर. छत बंद होतं. वारा नाही, पाऊस नाही, डोळ्यांवर ऊन नाही. अंगावर कुणी येणार नाही, कारण नियमानं येताच येत नाही. तीस सेकंद हातात. त्यानं मोजे वर ओढले, मोजून पावलं मागे गेला, धावत आला, आणि चेंडू उजव्या उंच खांबाच्या बाहेरून निघून गेला. गोल-पंचानं एक बोट दाखवलं. पडद्यावर आमच्या नावापुढे एक आकडा वाढला. आजींच्या रकान्यात मात्र वाढला नाही.

ही गोष्ट माझ्या मनातून जाईना. हुकलेले गोल मी पुष्कळ पाहिलेत, त्यांचं दुःख घेऊन घरी येण्याची सवय झाली आहे. पण प्रत्येक गुण इमानेइतबारे लिहिणाऱ्या बाईनं एक गुण जाणूनबुजून सोडावा, तोही आपल्याच संघाचा, हे काहीतरी निराळं होतं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मैदान क्रिकेटचं, चेंडू न सोललेल्या नारळासारखा लांबट, आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधले दोन उंच, कडेचे दोन ठेंगणे, आणि प्रत्येक दोन खांबांत ६.४ मीटरची जागा. पायानं मारलेला चेंडू मधल्या जागेतून गेला की गोल, त्याचे सहा गुण. मधली जागा चुकून कडेच्या जागेतून गेला तर एक गुण. उंच खांबाला नुसता चाटून गेला तरी एकच. सहकाऱ्यानं मारलेला चेंडू हवेतच नीट झेलला, की झेलणाऱ्याला निवांत उभं राहून मारायची मुभा मिळते. तो सेट शॉट. गुणफलकावर गोल आणि हुकलेले पॉइंट दोन्ही वेगवेगळे मांडतात, आणि मग कंसात बेरीज. ९.१४ (६८) म्हणजे नऊ गोल, चौदा पॉइंट, एकूण अडुसष्ट. १८९७ च्या आधी हे एकेरी पॉइंट निकालात धरत नसत. त्या वर्षी व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचा पहिला मोसम सुरू झाला आणि गोलला सहा, हुकल्याला एक असा हिशेब पक्का झाला. तेव्हापासून या खेळात हुकलेला नेम हवेत विरून जात नाही. तो मांडला जातो, छापला जातो, आणि शंभर वर्षांनीही वाचता येतो.

मी मूळचा कोल्हापूरचा. आमचं फुटबॉल गोल चेंडूचं, तालमींचं. शाहू स्टेडियमच्या उन्हानं तापलेल्या पायऱ्या, हलगीचा कडकडाट, कागदाच्या पुड्यातलं तिखट भडंग खाऊन सुसकारे टाकत आरडाओरडा करणारे काका लोक. पाटाकडील आणि बालगोपाल असोत, की दिलबहार आणि खंडोबा, सामन्याच्या दिवशी पेठेतलं सगळं बोलणं फुटबॉलचंच. आमच्या गल्लीच्या तोंडाला एकाचं सायकलचं दुकान होतं. तरुणपणी तो एका तालमीकडून खेळायचा, आणि कुठल्याशा स्पर्धेच्या फायनलला त्याची पेनल्टी आडव्या दांड्यावरून गेली होती. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. मी हवा भरायला गेलो की तिथं बाकड्यावर बसलेल्यांपैकी कुणी ना कुणी तो विषय काढायचाच. “आरं, मोकळा हुतास की रं! सरळ मारला असतास तर कप आपला हुता.” त्यावर तो पंप मारता मारता मान वर न करता म्हणायचा, “वारं हुतं.” एवढंच. चिडायचा नाही, हसायचा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुणी विचारलं तर पुन्हा तेच, “वारं हुतं.” त्या फायनलचा निकाल वर्तमानपत्रात आला असेल तर एक-शून्य असा आला असेल. त्याची पेनल्टी त्यात कुठंही नसणार. तिला कागदावर जागा नव्हती, म्हणून ती पेठेच्या जिभेवर राहिली.

मेलबर्नला आलो तेव्हा घर मिळालं ते मूरॅबिनजवळ, आणि मूरॅबिन म्हणजे सेंट किल्डाचं जुनं मैदान. संघ निवडायला माझ्याकडे दुसरं काही कारण नव्हतं. पेठेतला माणूस पेठेच्याच तालमीचा असतो, तसा मी सेंट किल्डाचा झालो. तेव्हा मला ठाऊक नव्हतं की या क्लबनं आजवर फक्त एकदाच कप जिंकला आहे, १९६६ मध्ये. आणि हेही ठाऊक नव्हतं की पुढच्या काही वर्षांत तो दुसऱ्या कपाच्या इतका जवळ जाणार आहे की नंतर कितीतरी काळ लोक आपापसांत त्याबद्दल धड बोलूही शकणार नाहीत.

२००९ च्या मोसमात आमच्या संघानं पहिले सलग एकोणीस सामने जिंकले. बावीसपैकी वीस. ट्रेनमध्ये अनोळखी माणसं मफलर पाहून मान हलवायची. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी ग्रँड फायनल झाली, जीलाँगशी. थंडी होती, मधूनच पावसाची सर येऊन जायची. मी टीव्हीपुढे बसलो होतो आणि तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी आम्ही सात गुणांनी पुढे होतो. पण त्या पुढे असण्यात मन निर्धास्त होत नव्हतं. फलकावर आमच्यापुढे ९.११ होतं आणि त्यांच्यापुढे ९.४. गोल सारखेच. आमची आघाडी सगळी हुकलेल्या नेमांची होती. शेवटच्या क्वार्टरमध्ये आम्हाला आणखी तीन पॉइंट मिळाले, गोल एकही नाही. जीलाँग १२.८ (८०), सेंट किल्डा ९.१४ (६८). आमचे प्रयत्न तेवीस, त्यांचे वीस. त्या चौदांपैकी तीन जरी आत गेले असते तरी त्र्याऐंशी होत होते. हा हिशेब मी कितीदा केला असेल, सांगता येणार नाही. दोननं भागत नाही, अठ्ठ्याहत्तरच होतात. तीन लागतात. अर्थात त्या सामन्यात अन्यायही झाला होता. जीलाँगचा एक चेंडू उंच खांबाला लागून गेलेला असताना पंचांनी गोल दिला, आणि व्हिडिओ पाहून निर्णय बदलायची सोय तेव्हा नव्हती. पण त्या खांबाचं नाव घेऊन रडणारा सेंट किल्डाचा माणूस मला क्वचितच भेटला. सगळ्यांच्या मनात खुपतात ते आपले चौदा.

पुढच्या वर्षी आणखी एक ग्रँड फायनल. समोर कॉलिंगवूड. शेवटची दोनेक मिनिटं, आम्ही एका गुणानं मागे. आमच्या लेनी हेजनं लांबून उंच चेंडू मारला, आमचाच स्टीफन मिल्न गोलच्या तोंडाशी त्यामागे धावला, आणि टप्पा पडल्यावर तो लांबट चेंडू त्याच्या हातात यायच्या ऐवजी काटकोनात वळून कडेच्या जागेतून बाहेर गेला. एक पॉइंट. ६८-६८. बरोबरी. तेव्हा नियम असा होता की पुढच्या शनिवारी सामना पुन्हा खेळायचा. तो आम्ही ५२-१०८ असा वाईट हरलो.

बाहेरच्या माणसाला वाटेल, २०१० चं दुःख मोठं. एवढा जवळ आलेला कप, आणि तो नेला एका टप्प्यानं. पण आजी त्या टप्प्याबद्दल अगदी शांतपणे बोलतात. हातानं दाखवतात चेंडू कसा पडला, कसा वळला, मिल्नची बोटं कुठं होती. त्यांच्या आवाजात माया असते, जशी घरातून लवकर गेलेल्या माणसाबद्दल बोलताना येते. २००९ चा विषय निघाला की त्या खिडकीबाहेर बघतात. मलाही तसंच होतं. २०१० ची हळहळ आहे, २००९ ची चरफड. पहिल्यात चेंडूनं दगा दिला, आणि तो चेंडू बनवलाच आहे असा की तो कसा उसळेल हे कुणाला सांगता येऊ नये. त्याच्यावर कोण रागावणार? दुसऱ्यात माणूस उभा होता, समोर मोकळी जागा होती, वेळ होता, आणि तरीही झालं नाही.

राग तिथंच येतो जिथं आपल्याला वाटतं की हे टाळता आलं असतं.

हे दुःख फक्त आमचं नाही, हे मला मान्य आहे. १९४८ मध्ये एसेन्डननं ग्रँड फायनलमध्ये ७.२७ मारले. सत्तावीस पॉइंट! समोर मेलबर्न १०.९. दोघांची बेरीज एकोणसत्तर. चौतीस प्रयत्न करणारा संघ एकोणीस प्रयत्न करणाऱ्याशी बरोबरीत अडकला, सत्तावीसातला एक जरी आत गेला असता तर काम झालं असतं, आणि फेरसामना मेलबर्ननं सहज जिंकला. त्या दिवशी मैदानावरून घरी जाणारे एसेन्डनचे लोक काय बोलत गेले असतील, हे मला कुणी सांगायची गरज नाही. २००८ मध्ये जीलाँगनं हॉथॉर्नविरुद्ध ११.२३ मारले आणि हरले. त्यांच्या बाबतीत एवढं न्यायानं सांगायला हवं की त्यांतले अकरा पॉइंट हॉथॉर्नच्या खेळाडूंनीच, संकट टळावं म्हणून, चेंडू आपल्याच रेषेपार ढकलून दिले होते. पुढच्या मोसमात त्यावर नियम आला. तरीही उरलेले बारा जीलाँगचेच. म्हणजे बरोबर एका वर्षानं आमच्याविरुद्ध जिंकणाऱ्या त्या संघालाही ही आग आतून माहीत होती.

आता मी त्या संध्याकाळच्या ट्रेनकडे येतो. फ्रँकस्टन लाइनवरची हरलेल्या रात्रीची गाडी ओळखू येते. मफलर गळ्यातून काढून हातात गुंडाळलेले असतात, कुणाच्या तरी पिशवीतून गार झालेल्या मीट-पायचा आणि चिप्सवरच्या व्हिनेगरचा वास येत असतो, लहान पोरं आईच्या मांडीवर झोपलेली. रिचमंड स्टेशन गेल्यावर मी आजींना विचारलं, तो पॉइंट का लिहिला नाहीत? त्यांनी पिशवीतून ‘रेकॉर्ड’ काढलं, चष्मा लावला आणि पान मला दाखवलं. बाकी सगळं होतं. म्हणाल्या, “हे बघ बाळा, अंगावर माणूस असताना घाईनं मारला आणि हुकला, तर मी लिहिते. पन्नास मीटरवरून, वाऱ्यातून हुकला, तर लिहिते. कडेच्या रेषेवरून, जिथून दोन खांबांतली फट दिसतसुद्धा नाही तिथून मारायची हिंमत केली, तर हुकला तरी आनंदानं लिहिते. समोरून तीस मीटर, छताखाली? तो एक गुण मला नको. तो त्यांनी कमावलेला नाही.” आम्ही हरलो होतो तेवढ्या फरकात तो एक गुण असता-नसता काही बिघडत नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. पण त्यांच्या कागदावर त्या सामन्याचा शेवट वेगळा आहे आणि तसाच राहणार आहे.

छताखाली हे शब्द ऐकताना मला सायकलच्या दुकानातला तो पंप ऐकू आला. डॉकलँड्सला वारा नसतो. एसेन्डनचा मॅथ्यू लॉइड सेट शॉटच्या आधी गवताची चिमूट हवेत सोडायचा, वाऱ्याचा रोख बघायला. आणि छत बंद असलं तरी सोडायचा. मोठा गोल मारणारा होता तो. गवत सरळ खाली पडायचं, तरी हात ते उचलायचाच, कारण शरीराला एक ठरलेली वाट लागते. आजूबाजूला हजारो माणसं श्वास रोखून बसलेली असताना मन पळू नये म्हणून पायाला, हाताला, डोळ्याला काहीतरी नेहमीचं करायला द्यावं लागतं. हे मला समजतं. आणि हे समजल्यावरही माझी चरफड तसूभर कमी होत नाही, हेही खरं आहे.

अवघड काय आहे त्यात? मी ते नीट बघायला लागलो. चेंडू पायानं मारायचा असतो, पण नेम हातात असतो. दोन्ही हातांनी उभा धरलेला चेंडू एका हातानं खाली न्यायचा आणि बुटावर सोडायचा. सोडताना तो जरा कलला, की पायानं कितीही सरळ मारला तरी उपयोग नाही. नीट सुटला तर तो मागे गरगर फिरत सरळ जातो, ज्याला ड्रॉप पंट म्हणतात. चाळीस मीटरवरून, अगदी समोरून मारताना दिशा साडेचार अंशांपेक्षा जास्त ढळली की गोल गेला. त्यातून हा माणूस दोन तास धावतोय. काही खेळाडू एका सामन्यात १५ किलोमीटरच्या आसपास धावतात. अंगावर तीन जण आदळलेले, छाती भात्यासारखी चालतेय, आणि अचानक सगळा खेळ थांबतो. आतापर्यंत अठरा जण मिळून जे करत होते ते आता त्या एकट्यावर येतं. मैदानभर पळताना त्याला विचार करायला फुरसत नव्हती, आता तीस सेकंदांची फुरसत आहे. मला वाटतं, ती फुरसतच त्याच्या अंगावर येते.

पण म्हणूनच माझा आग्रह आहे की याचा सराव हवा. या खेळात गेल्या काही दशकांत सगळं बदललं. खेळाडू जास्त पळतात, जास्त दमदार आहेत, बचावाच्या रचना अशा की एक चेंडू मोकळा मिळायची मारामार. पूर्णवेळ व्यावसायिक झाले सगळे. तरीही उभं राहून मारलेला चेंडू पूर्वीपेक्षा फारसा सरळ जात नाही, अशी तक्रार दर मोसमात जुनेजाणते करतात आणि मला ती पटते. क्लबांकडून कारण दिलं जातं ते पायांचं. मांडीचे, जांघेचे स्नायू दुखावू नयेत म्हणून आठवड्यात किती किक मारायच्या यावर बंधन असतं. मी मूरॅबिनला सराव बघायला उभा राहिलो आहे. २०१८ मध्ये क्लब तिथं परत आला, त्याचा मला फार आनंद झाला होता. कुंपणाजवळ उभं राहिलं की बुटाचा चेंडूवर बसणारा तो जाड, ओला आवाज ऐकू येतो. पोरं गोलवर मारतात. पण ताजी असताना, गप्पा मारत, एकामागून एक, चुकला तर लगेच दुसरा चेंडू हातात. सामन्यात दुसरा चेंडू कुठे असतो?

नशीब, शाप असले शब्द आमच्या क्लबभोवती फार फिरतात. मला ते आवडत नाहीत. त्या शब्दांनी माणूस सुटतो. ज्याला शाप आहे त्याला सराव करून काय उपयोग?

आणि तरी इतिहास बघितला की कुणाच्याही तोंडी तो शब्द यावा अशी परिस्थिती आहे. कारण आमचा तो एकमेव कप, १९६६ चा, हुकलेल्या नेमानं मिळालेला आहे. आजी तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या, एमसीजीवर उभ्या राहून सामना बघत होत्या. सेंट किल्डा आणि कॉलिंगवूड, दोघेही १०.१३ वर अडकलेले, शेवटचं मिनिट. बॅरी ब्रीननं गर्दीतून कसाबसा चेंडू मारला. डुगडुगत गेला, टप्पे खाल्ले, आणि गोलमधून न जाता बाजूनं गेला. १०.१४. चौऱ्याहत्तर विरुद्ध त्र्याहत्तर. सेंट किल्डा विजेते. आजी सांगतात की त्यांना चेंडू दिसलाच नाही, पुढे उंच माणसं होती, त्यांनी फक्त गोल-पंचाचा एकच झेंडा, म्हणजे एका पॉइंटची खूण, हललेला पाहिला आणि त्या एका झेंड्यासाठी त्या जितक्या ओरडल्या तितक्या आयुष्यात पुन्हा ओरडल्या नाहीत. ज्या खुणेनं एरवी पोटात खड्डा पडतो, तीच खूण त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या आनंदाची आहे. पाच वर्षांनी आम्ही पुन्हा फायनलला होतो. हॉथॉर्नचा पीटर हडसन मोसमातले १४७ गोल घेऊन आला होता, बॉब प्रॅटचा १९३४ मधला १५० गोलांचा विक्रम मोडायला. तीन मारून त्यानं बरोबरी केली, चौथा काही केल्या झाला नाही. हुकले त्याचे, तरी सात गुणांनी हरलो आम्ही. आणि टोनी लॉकेट! १,३६० गोल, या खेळात कुणीही मारलेले सर्वाधिक, त्यातले ८९८ सेंट किल्डाच्या लाल-पांढऱ्या-काळ्या बनियनमध्ये. पण १९९६ मध्ये तो सिडनीकडून खेळत होता. एसेन्डनशी बरोबरी, भोंगा वाजलेला, आणि शेवटची किक त्याच्याकडे, लांबून, जांघ दुखावलेली असताना. ती गोलमधून गेली नाही, कडेनं गेली. त्या एका पॉइंटनं सिडनी ग्रँड फायनलला पोहोचलं. आजी म्हणतात, त्या टीव्हीपुढे उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या आणि रडतही होत्या, कारण हा मुलगा आपला होता.

म्हणून मला कधी कधी कळत नाही की आपण नक्की कशावर चिडतो. त्या संध्याकाळी चेंडू बाहेर गेल्यावर स्टेडियममधून जो आवाज उठला, त्याला मी घाबरतो. ती हुर्यो नव्हती. हुर्यो विरोधक करतात, ती कानाआड करता येते. हा आपल्याच हजारो माणसांच्या छातीतून एकदम निघालेला उसासा होता आणि वर छत असल्यामुळे तो कुठे जाईना. तो पोरगा तिथंच उभा होता, कमरेवर हात ठेवून. पडद्यावर त्याचा चेहरा मोठा करून दाखवला. विशी-एकविशीचा असेल. मला वाटलं, याला घरी जाऊन जेवण जाणार नाही. आणि त्याच क्षणी माझ्याच तोंडून निघून गेलं होतं, “सरळ मार की रे!” इथली माणसंही तेच ओरडतात, त्यांच्या भाषेत. दोन्ही भावना एका घशात होत्या आणि त्यांतली एकही खोटी नव्हती. रिचमंडचा मॅथ्यू रिचर्डसन आठशे गोल मारून निवृत्त झाला. जवळून हुकवलेले गोल आठवून लोक अजून कपाळाला हात लावतात, आणि त्याच श्वासात त्याचं नाव इतक्या प्रेमानं घेतात की दुसऱ्या संघाच्या माणसालाही हेवा वाटावा. सायकलच्या दुकानातही बाकडं कधी रिकामं नसायचं. ती माणसं त्याला टोचायची, पण टोचायला त्याच्याचकडे यायची. त्याच्या मुलीच्या लग्नात अख्खी तालीम राबत होती.

गेल्या मोसमाच्या शेवटी क्लबकडून सभासदांना नेहमीची प्रश्नावली आली. पार्किंग, खाण्याचे दर, खुर्च्या, आणि शेवटी सूचनेसाठी एक चौकोन. एरवी मी तो रिकामा ठेवतो. या वेळी सविस्तर लिहिलं. लिहिलं की सेट शॉटचा सराव सत्राच्या शेवटी ठेवा, पाय भरून आलेले असताना. प्रत्येकाला एकच चेंडू द्या, दुसरा नाही. गप्पा बंद. आणि तो सराव लोकांसमोर करा, आम्हाला बोलवा; आम्ही कुंपणाशी, खांबांच्या मागे दाटीनं उभे राहू, म्हणजे पोरांना त्या शांततेची आणि त्या उसाशाची सवय होईल. हिवाळ्यातल्या मंगळवारी संध्याकाळी पावसात उभं राहायलाही आमची ना नाही. चेंडू आणून द्यायला माणसं कमी पडली तर तेही करू. आजींना वाचून दाखवलं. त्यांनी एक दुरुस्ती सांगितली, तीस मीटरपासून सुरुवात करा असं स्पष्ट लिही, तर तेही लिहिलं. त्यांचं नाव खाली घालू का विचारलं, तर म्हणाल्या, घाल, मी येईन, फोल्डिंगची खुर्ची आहे माझ्याकडे. पण मी ओरडणार नाही असं मात्र त्यांना कबूल करू नकोस.